मागे घेतलेले ठिगळ

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्राम कार्यालयातील संगणकावर बाप्तिस्म्याचे दाखले छापणारा प्रोग्रॅम मधूनच बंद पडू लागला. त्यावरची दुरुस्ती, जिला जाणकार ‘पॅच’ म्हणजे ठिगळ म्हणतात, कंपनीने काढली असल्याचे आमच्या कानी आले. इतर सुधारणांसह आम्ही ती मागविली. बाकी साऱ्या आल्या. नेमकी हवी ती मात्र ‘उपलब्ध नाही’! तीनदा मागविली, तरी उत्तर तेच. लग्नासाठी दाखला हवा असलेली एक मुलगी आईसह बाकावर ताटकळत बसली होती.

संगणक सांभाळणाऱ्या तरुणावर आम्ही तोंडसुख घेतले. “शेजारच्या धर्मग्रामाला मिळाली, मग आम्हांलाच का नाही? त्यांच्याकडून आणून बसव.”

तो शांतपणे म्हणाला, “फादर, आधी ती का मिळत नाही ते पाहू या.”

त्याने दुरुस्तीविषयीचे कंपनीचे टिपण उघडले. ठिगळच सदोष निघाले होते. ते लावल्यावर काही ठिकाणी जुन्या नोंदी उघडेनाशा झाल्या, म्हणून कंपनीने ते मागे घेतले होते; बदली ठिगळ अजून तयार नव्हते. आलेल्या सुधारणांपैकी त्याच्यावर विसंबलेल्या त्याने बाजूला ठेवल्या, सर्व नोंदींची प्रत काढली आणि मगच उरलेल्या बसविल्या. शेजारच्या धर्मग्रामालाही त्याने दूरध्वनीवरून सावध केले.

मग त्याने 19 जुलै 2024 ची आठवण दिली. क्राउडस्ट्राइक या कंपनीची सदोष सुधारणा त्या दिवशी जगभर गेली. दीड तासाच्या आत ती मागे घेतली गेली. पण तोवर सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोलमडले होते. ज्यांनी ती घेतली नव्हती ते वाचले. कोलमडलेल्यांपैकी पुष्कळ एकेक करून हाताने दुरुस्त करावे लागले. आपल्याकडील विमानतळांवर तर प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास देण्याची वेळ आली.

‘हस्तलिखित’ हा शब्द ऐकताच आम्ही ओशाळलो. कपाटातली जुनी नोंदवही काढली आणि त्या मुलीचा दाखला स्वहस्ते लिहून दिला. दहा मिनिटांचे काम! पण हट्टापायी आम्ही पिढ्यांच्या नोंदी पणाला लावायला निघालो होतो.

तरुणाची आम्ही क्षमा मागितली. पंधरवड्याने नवे ठिगळ आले. वाचकहो, या खेपेस त्यासोबतचे टिपण आम्ही स्वतः वाचले, आणि नोंदींची प्रत निघेपर्यंत त्याला हात लावू दिला नाही.