वय आणि भूमिका



नटाच्या कारकिर्दीचा आपण सहसा एक ठरावीक क्रम गृहीत धरतो : तरुणपणी नायक, मध्यमवयात पिता, उतारवयात आजोबा. डॉ. श्रीराम लागू यांच्या भूमिका या क्रमात बसत नाहीत. त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजी आपल्या साताऱ्यातला. शिक्षणाने ते कान, नाक व घसा यांचे शल्यचिकित्सक. वैद्यकीय व्यवसाय सोडून ते पूर्ण वेळ अभिनयाकडे वळले १९६९मध्ये, चाळिशी उलटल्यावर. पुढच्याच वर्षी शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकर हा निवृत्त, वृद्ध नट त्यांनी रंगभूमीवर उभा केला. तेव्हा त्यांचे वय होते अवघे ४३. उलट ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटात त्यांनी नामदार गोखले साकारले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. गोखल्यांचे निधन मात्र पन्नाशी गाठण्यापूर्वीच झाले होते.

हे केवळ रंगभूषेने साधत नाही. भाषेचा अभ्यासक म्हणून मला वाटते, की वय डोळ्यांइतकेच कानांनाही कळते. वाक्य कोठे तुटते, श्वास कोठे घेतला जातो, शब्दाच्या अखेरचा स्वर किती लांबतो, यांवरून आपण बोलणाऱ्याचे वय ताडतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे समोरची माणसे त्याला कोणत्या संबोधनाने हाक मारतात. ‘पिंजरा’ (१९७२) आणि ‘सामना’ या दोन्ही चित्रपटांत लागू शिक्षकाच्या भूमिकेत आहेत. ‘पिंजरा’तील आदर्श शिक्षक तमाशाच्या फडात स्वतःची ओळख गमावतो आणि गावात मात्र त्याचा पुतळा उभा राहतो. ‘सामना’तील मास्तर दारूच्या आहारी गेलेला आहे. तरीही निळू फुले यांनी रंगवलेल्या हिंदुराव या साखरसम्राटासमोर तो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहतो. ‘मास्तर’ या एका शब्दात आदर, कीव आणि उपहास हे तिन्ही कसे सामावतात, हे आपल्या ऊसपट्ट्यातील वाचकास वेगळे सांगावयास नको.

आपली मराठी वयाला नात्याच्या चौकटीत बसवते. आपल्याकडे लहान मुलालाही लाडाने ‘आबा’ म्हणतात आणि चाळिशीच्या अनोळखी गृहस्थाला सहज ‘काका’. कराड येथील एका संपर्क सत्रानंतर एक विद्यार्थिनी मला म्हणाल्या, “सर, वर्गातल्या मुली मला मावशी म्हणतात. मावशीनं प्रश्न विचारला तर हसतील, म्हणून मी गप्प बसते.” मी म्हणालो, “ताई, मावशी हे नाते झाले. प्रश्न विद्यार्थ्याचा असतो.” पुढच्या सत्रात त्यांनी प्रयोगाविषयी जो प्रश्न विचारला, त्याने कर्मणी आणि भावे या प्रयोगांतील भेद साऱ्या वर्गाला नव्याने तपासावा लागला.

आपल्यापैकी अनेकांनी नोकरी, शेती, संसार सांभाळून हा अभ्यासक्रम निवडला आहे. ‘आता या वयात?’ हा प्रश्न घरातून आणि भावकीतून येतोच. चाळिशीनंतर व्यवसाय बदलणाऱ्या लागूंच्या वाट्यालाही तो आला असणे स्वाभाविक आहे. संबोधन इतरांनी दिलेले असते, भूमिका मात्र आपण निवडतो आणि ती सरावाने अंगी बाणवावी लागते.

पुढील घटकाकडे वळण्यापूर्वी एक कृती करा. ‘सामना’तील कोणताही एक प्रसंग डोळे मिटून ऐका. मास्तरांशी कोण कोणत्या सर्वनामाने बोलतो, ते वहीत टिपून ठेवा. नंतर दिवसभरात आपणांस कोणी कोणती संबोधने वापरली, त्यांची यादी तिच्याशेजारी लिहा. ‘विद्यार्थी’ हा शब्द त्या यादीत नसेल, तर तो आपल्या हाताने लिहा.