चार शेळ्यांचा हिशेब

शोधनिबंध म्हटला की तो पांढऱ्या कोटातील विद्वानांचा विषय, आपल्या कष्टकरी कुटुंबांचा त्याच्याशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. परंतु आता आपल्या घरांतील मुले-मुली पदवीच्याही पुढे जाऊ लागली आहेत, आणि शिक्षणाची ही पायरी घरच्यांना ठाऊक नसते. मुलगी रात्र रात्र कॉम्प्युटरपुढे बसते. आई विचारते, "परीक्षा तर झाली, मग आता काय लिहितेस बाई?" या साध्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या माणसांना मिळावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या वस्तीतील एक मुलगी पशुवैद्यकाची साडेपाच वर्षांची पदवी आणि त्यापुढचे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून परत आली. वडील हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. तिच्या अभ्यासाचा विषय होता शेळ्यांच्या पोटातील जंत आणि त्यांच्यावर चालेनासे झालेले औषध. हे काम निबंधरूपाने एखाद्या शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवावे, असे तिच्या मार्गदर्शकांनी सुचविले. ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, शास्त्राचं माझं मी बघते. पण आकडे तुमच्याइतके बारकाईने दुसरं कोणी बघणार नाही." आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. वीस वर्षे व्हाउचरे तपासण्यात गेली. शेळीच्या पोटातले आम्हाला काय कळणार? पण बेरीज कळते, आणि बेरीज कुठे लपवली जाते तेही कळते. दीड महिना रोज संध्याकाळी वस्तीच्या अभ्यासिकेत आम्ही दोघे बसलो.

आधी विषयाचे महत्त्व सांगितले पाहिजे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या आहेत. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगीच नाही. मुलाची फी, दवाखाना, बाळंतपण, अशी कुठलीही नड आली की पहिली दोरी सुटते ती शेळीची. या शेळीच्या जठरात एक बारीक जंत राहतो. शास्त्रात त्याला हिमोंकस म्हणतात. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण पोटात हजार जंत असले तर रोज ५० मिलिलिटर रक्त गेले, म्हणजे अर्धा कप. त्यातच एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंड्यांतून चराईच्या जमिनीवर पडतात आणि पुन्हा दुसऱ्या शेळीच्या पोटात जाण्याची वाट धरतात. शेळी पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरते आणि एके दिवशी ती उठत नाही.

यावर औषध आहे. परंतु तेच औषध वर्षानुवर्षे, अंदाजाने आणि कमी मात्रेत देत राहिले की कमकुवत जंत मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. औषधाचे पैसे जातात, शेळीही जाते. गोष्ट आणखी एक आहे. शेळीचे शरीर ही औषधे मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते, म्हणून मेंढीच्या हिशेबाची मात्रा तिला पुष्कळदा अपुरी पडते. औषध चालते की नाही हे तपासण्याची रीत ठरलेली आहे. औषध देण्यापूर्वी लेंड्यांतील जंतांची अंडी मोजायची, औषध द्यायचे, चौदाव्या दिवशी पुन्हा मोजायची. पशुपरजीवीशास्त्राच्या जागतिक संघटनेने १९९२ साली या चाचणीची पद्धत प्रसिद्ध केली आणि २०२३ साली ती सुधारली. ढोबळ मानाने, अंड्यांत ९५ टक्क्यांपेक्षा कमी घट झाली तर औषधाविषयी शंका घ्यायची.

त्या मुलीचे निष्कर्ष आम्ही येथे सांगत नाही. निबंध छापून येण्याआधी त्यातील आकडे दुसरीकडे प्रसिद्ध करू नयेत, असा नियम आहे. तो तिच्या कष्टाचा ऐवज आहे. आम्ही फक्त कामाची रीत सांगतो.

शोधनिबंधाचे चार भाग असतात. काम का केले, कसे केले, काय आढळले आणि त्याचा अर्थ काय. वर एक छोटा गोषवारा, खाली संदर्भांची यादी. आमच्या नजरेने पाहिले तर हे कार्यालयीन टिपणीसारखेच आहे. विषय, कार्यपद्धती, वस्तुस्थिती, अभिप्राय. वस्तुस्थितीत अभिप्राय घुसडायचा नाही, हा नियमही दोन्हीकडे सारखाच. "औषध अत्यंत निरुपयोगी ठरले" हे वाक्य तिने 'काय आढळले' या भागात लिहिले होते. आम्ही म्हटले, "अगं, इथे नुसता आकडा लिही. निरुपयोगी की काय, ते पुढच्या भागात."

मग आकडे. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या खणात जेवढी अंडी दिसतात, त्यांना ठराविक संख्येने, बहुधा ५० ने, गुणून एक ग्रॅम लेंडीतील अंडी काढतात. म्हणजे एक अंडे चुकले की कागदावर पन्नास चुकली. आम्ही तिची मूळ वही मागवली. शेणाचे डाग पडलेली, पावसात भिजलेली वही. त्या वहीतील एकेक नोंद आम्ही वाचायची आणि तिने कॉम्प्युटरवरील तक्त्याशी ताडून पाहायची, असे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत केले.

टक्केवारीपाशी मात्र आमची चांगलीच चर्चा झाली. समजा, एका शेळीची अंडी १,००० वरून १०० वर आली. घट ९० टक्के. दुसरीची २०० वरून १०० वर आली. घट ५० टक्के. दोन टक्केवाऱ्यांची सरासरी काढली तर ७० येते. पण दोघींची अंडी एकत्र धरली, १,२०० ची २०० झाली, तर घट ८३.३ टक्के येते. शेळ्या त्याच, अंडी तीच, आकडे दोन. म्हणून नुसते 'घट इतके टक्के' लिहून भागत नाही. कोणत्या रीतीने काढले ते लिहावेच लागते, आणि रीत आधी ठरवावी लागते. दोन्ही काढून सोयीचे उत्तर छापणे हा लबाडीचा प्रकार होय.

आणि मग आल्या त्या चार शेळ्या. पहिल्या दिवसाच्या यादीत होत्या, चौदाव्या दिवशी नव्हत्या. एक मुलीच्या फीसाठी बाजारात गेली होती, एक पाहुण्यांच्या पंगतीत, एक कुत्र्यांनी मारली आणि एक आजारी पडून मेली. तिच्या ओळखीच्या एकाने सल्ला दिला, "पहिल्या यादीतूनच ती चार नावं काढून टाक. तक्ता स्वच्छ दिसेल. कोण विचारायला येतंय?" मुलगी घोटाळ्यात पडली. निबंध छापला गेला तर पुढच्या शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी वाट मोकळी होणार होती, आणि तक्ता अपुरा दिसला तर परत येईल ही धास्ती होती.

आम्ही तिला पावतीपुस्तक दाखवले. पावती चुकली तर कारकून ती फाडून फेकत नाही. तिच्यावर 'रद्द' लिहितो आणि स्थळप्रतीसह पुस्तकातच ठेवतो. रद्द पावतीमुळे पुस्तकावर संशय येत नाही, संशय येतो तो गहाळ पावतीमुळे. तेच येथे. बाजारात गेलेली शेळी वेगळी आणि आजारी पडून मेलेली वेगळी, कारण त्या मरणाचा संबंध जंतांशीही असू शकतो. प्राण्यांवरील संशोधन कसे लिहावे याचे अराइव्ह नावाचे नियम २०१० साली निघाले व २०२० साली सुधारले गेले. त्यांतही किती जनावरे घेतली, किती वगळली आणि का वगळली, ते लिहावे असे सांगितले आहे. मुलीने चौघींचा हिशेब कारणांसह तक्त्याखाली लिहिला. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला आम्ही पाहिला.

दुसरा प्रश्न नावांचा. ज्यांनी एका ओळीचे काम केले नाही, त्यांचेही नाव सहलेखक म्हणून घालावे, असा आग्रह पुष्कळ ठिकाणी होतो. नियम मात्र स्पष्ट आहे. सहलेखकाचा कामात भरीव वाटा हवा, लिहिण्यात किंवा तपासण्यात हात हवा, अखेरच्या मजकुराला संमती हवी आणि सगळ्याची जबाबदारी घेण्याची तयारी हवी. बाकीच्यांची जागा ऋणनिर्देशात. आम्ही स्वतःलाही हाच नियम लावला. ती म्हणाली, "काका, तुमचं नाव घालते." आम्ही म्हटले, "आभारात एक ओळ पुरे. आणि त्या ओळीच्या आधी ज्या बायकांनी शेळ्या धरून ठेवल्या, त्यांचे आभार लिही." तसे तिने लिहिले. शेळीमालकांची लेखी संमती आणि संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची परवानगी तिने आधीच घेतली होती. नियतकालिके त्याची नोंद मागतात.

पालकांनी एका गोष्टीपासून विशेष सावध राहावे. "तीन दिवसांत छापून देतो, एवढी फी भरा" असे ई-मेल या मुलांना येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी २०२५ साली बंद झाली, तेव्हा पारख आपल्यालाच करायची आहे. चांगली नियतकालिकेही कधी कधी फी घेतात, पण ती आधी जाहीर करतात आणि परीक्षकांकडून निबंध तपासून घेतात. तपासणीशिवाय तीन दिवसांत छापणारा हा दुकानदार समजावा. व्याजाने पैसे काढून त्याच्या पदरात टाकू नयेत. एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये, हेही मुलांना बजावावे.

निबंध गेला. काही महिन्यांनी दोन परीक्षकांचे शेरे आले आणि मुलगी हिरमुसली. आम्ही म्हटले, "हे तर ऑडिटचे आक्षेप. आक्षेप आला म्हणजे फाईल जिवंत आहे." प्रत्येक शेऱ्याला क्रमांक, त्याखाली उत्तर आणि कोणत्या पानावर काय बदलले ते, असा अनुपालन अहवाल तयार केला. एका परीक्षकाने विचारले होते, औषध वजन करून दिले की अंदाजाने? वहीत ताणकाट्यावर केलेले प्रत्येक शेळीचे वजन तारखेसह होते. उत्तर दोन ओळींत संपले. उत्तरे पाठवली आहेत, निकाल यायचा आहे.

दरम्यान तिने एक काम केले, जे कोणत्याही नियतकालिकाने मागितले नव्हते. एका पानावर सोप्या मराठीत चार गोष्टी लिहून ते पान शेळीवाल्या बायकांना वाचून दाखवले. शेळीची खालची पापणी हलकेच उघडून पाहावी. आतून लाल असेल तर बरे. फिकट किंवा पांढरी दिसली तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. औषध वजनावर आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावे. एकाच औषधावर वर्षानुवर्षे विसंबू नये.

वाचकहो, आपल्या घरात असे कोणी लिहीत बसले असेल तर त्याला विषयातले कळत नाही म्हणून दूर राहू नका. मूळ वही जपून ठेवायला सांगा. आकडे मोठ्याने वाचायला त्याच्याजवळ बसा. आणि एखादी शेळी यादीतून नाहीशी होत असेल तर विचारा, ती गेली कुठे?