टिप्याची पाणंद

बाबा गेल्यावर आईने पुण्याला यायचं कबूल केलं, पण एकटीने नाही. ‘टिप्याक गावात कोणाच्या भरवशार ठेवू?’ या तिच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. दोन वेळचा भात शेजारच्या काकांनी घातला असता. पण रात्री आठवणीने पडवीत घेऊन कडी कोण लावणार? सिंधुदुर्गात बिबट्या वाडीपर्यंत येतो आणि मोकळा कुत्रा ही त्याची सगळ्यात सोपी शिकार. तेव्हा नऊ वर्षांचा, तांबूस अंगाचा, शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका असलेला गावठी कुत्रा आईबरोबर घाट चढून सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आला.

कुत्र्याचं पिल्लू घरात येतं तेव्हा ते घराप्रमाणे घडतं. टिप्या घडून आलेला होता. त्याचं घर म्हणजे खळं, पडवी, चिऱ्याचा गडगा, मांगरामागची सावली आणि शेणाने सारवलेली जमीन. तिथल्या प्रत्येक जमिनीला पाय धरून ठेवायचा गुण होता. आमच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने अभिमानाने बसवलेल्या, तोंड दिसेल इतक्या चकचकीत व्हिट्रिफाइड फरश्या. टिप्या दारात उभा राहिला, पुढचे दोन पाय आत टाकले आणि मागचे पाय दोन दिशांना पसरले. कसाबसा सावरला आणि पायपुसण्यावर जाऊन बसला. पुढे कितीतरी वेळ त्या पायपुसण्याइतकंच त्याचं घर होतं.

‘फरशेर पाय ठरनत नाय तेचे,’ आई म्हणाली. डॉक्टरांनी तेच शास्त्राच्या भाषेत सांगितलं. मांजर नखं आत ओढून घेतं, कुत्र्याला ते जमत नाही. नखं वाढलेली असली की कडक जमिनीवर आधी नख टेकतं, तळव्याची गादी नीट टेकतच नाही, आणि पकड असते ती त्या गादीची. गावात जांभ्यावर पळून नखं आपोआप झिजत. इथे ती वाढणार. शिवाय वय झालेल्या कुत्र्याच्या खुब्याच्या सांध्यात अनेकदा सूज असते, आणि असं दोन-चारदा घसरलं की स्नायू ओढले जातात, मग तो चालायलाच कचरतो. टिप्याची नखं काळी. काळ्या नखात आतली जिवंत, रक्ताची शीर दिसत नाही, त्यामुळे कापायची ती कणाकणाने. ते काम आईने स्वतःकडे घेतलं, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात तो पाय देईना.

फरशी बदलणं खिशाला झेपणारं नव्हतं. सगळ्या घरात गालिचे अंथरावेत असं बायकोला वाटत होतं, मला ते धुण्याच्या विचारानेच नको वाटत होतं. शेवटी मुलीने एक रविवार नुसता टिप्याकडे बघण्यात घालवला आणि वहीच्या पानावर नकाशा काढून आणला. तो घरभर फिरतच नव्हता. दारापासून आईच्या खोलीपर्यंत, तिथून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, मग पाण्याच्या भांड्याकडे आणि पुढे बाल्कनीत, एवढीच त्याची वाट. तेवढ्याच वाटेवर आम्ही खालून रबर असलेल्या अरुंद पट्ट्या टाकल्या. वळणाच्या जागी त्यांच्याखाली जाळीदार पीव्हीसीचं अस्तर घातलं, कारण कुत्रा घसरतो तो सरळ चालताना कमी आणि वळताना जास्त. जुन्या योगा मॅटही कापून वापरून पाहिल्या. पकड उत्तम, पण त्यांच्या कडा वर वळतात आणि माणसं अडखळतात. गोधडी आणि प्लॅस्टिकची चटई मात्र फरशीपेक्षा वाईट, कारण त्या कुत्र्याला घेऊनच घसरतात. सोफा आणि टीव्हीच्या मधून गेलेली ती निमुळती वाट पाहून आई म्हणाली, ‘पाणंद केलास मा रे ही!’ दोन गडग्यांमधून जाते तशीच ती दिसत होती. तेव्हापासून आमच्या घरात ‘पाणंदीत चपला ठेवू नका’ हे वाक्य रोज ऐकू येतं.

झोपायच्या जागेचं प्रकरण सोपं असेल असं वाटलं होतं. बायकोच्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी त्याच्यासाठी गुबगुबीत, गोल, काठाला उशी असलेली गादी भेट दिली होती. टिप्याने ती हुंगली, एकदा प्रदक्षिणा घातली आणि जाऊन बाथरूमच्या दारातल्या कडाप्प्यावर पसरला. दिवस एप्रिलचे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तळव्यांना येतो तो किरकोळ. अंगातली उष्णता घालवायची ती धापा टाकून आणि पोट गार दगडाला लावून. गुबगुबीत गादी उष्णता धरून ठेवते. ‘तेका खंय निजाचा ता तेकाच ठरवूंदे,’ असा निकाल आईने दिला, आणि मला वाटतं कुत्र्याच्या सोयीबद्दल बाजारात जेवढं विकलं जातं त्यातलं निम्मं या एका वाक्याने बाद होतं. आम्ही पंख्याची दिशा बदलली आणि बाथरूमचं पाणी दाराकडे येणार नाही अशी पट्टी लावून घेतली. गादी थंडीत कामाला आली.

त्याची खरी अडचण वेगळीच होती आणि ती कळायला पावसाळा उजाडावा लागला. गडगडायला लागलं की गावी टिप्या बाबांच्या खाटेखाली जायचा. इथे तो सगळ्या घरात खालून शिरायला जागा शोधत फिरला. आणि एकाही वस्तूखाली जागा नव्हती! दिवाणाखाली खण, पलंगाला स्टोरेजचा खोका, सोफा जमिनीला टेकलेला, टीव्हीचं कपाट भिंतीत गाडलेलं. शहरातल्या घरात जमिनीवरची हातभर उंचीची सगळी पोकळी आपण सामान भरून संपवतो. जिथून आपण दिसत नाही पण आपल्याला सगळे दिसतात, अशी छप्पर असलेली जागा घाबरलेल्या कुत्र्याला लागतेच. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाखालचे दोन खण काढले, वरून जुनी साडी पडद्यासारखी सोडली, आत आईची सुती गोधडी टाकली. जागा भिंतीकडची, खिडकीपासून लांब. आपल्याला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. दिवाळीत फटाक्यांचा जो भाग आपल्या कानावर पडतसुद्धा नाही तोही त्याला पोचतो. त्या चार दिवसांत टेबलाखाली टिप्या आणि टेबलावर भूमितीचा अभ्यास, असं चाललं. पंखा मोठा लावायचा, रेडिओ सुरू ठेवायचा आणि त्याला बाहेर ओढायचं नाही.

आता नाजूक विषय. टिप्याने आल्यावर लघवीच केली नाही. बाल्कनीत नेलं, खाली सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर नेलं, तो शांतपणे आमच्याकडे बघत उभा. कुत्र्याच्या पायांना लहानपणापासून ज्या जमिनीची सवय असते तिथेच त्याला मोकळं होता येतं. ‘माती नाय तर तो करतलो कसो?’ आईने विचारलं, जणू हे आम्हाला शाळेत शिकवायला हवं होतं. पहिल्या रात्री उशिरा विठ्ठलवाडीच्या बाजूला, मुठेच्या काठावर नेलं. पायाखाली माती लागल्याबरोबर तो इतका वेळ उभा राहिला की रस्त्यावरचा एक गृहस्थ थांबून हसायला लागला.

रोज सकाळ-संध्याकाळ नदीकाठ ठीक आहे, पण पुण्याचा जुलै आणि म्हाताऱ्या कुत्र्याचं मूत्राशय यांचं वेळापत्रक जुळत नाही. म्हणून बाल्कनीत त्याची माती आणली. रोपवाटिकेत मिळणारे दोन उथळ, रुंद ट्रे घेतले, तळाला भोकं पाडून बारीक खडी, वर रेती, मग माती, आणि त्यावर लॉनचे तयार तुकडे. ट्रे विटांवर किंचित तिरके ठेवले, म्हणजे पाणी बाल्कनीच्या जाळीकडे वाहून जातं. दोन अशासाठी, की लघवीतल्या युरियाने गवत जळतं, पिवळे चट्टे पडतात. एक वापरात असताना दुसऱ्यावर पाणी मारून त्याला सावरू द्यायचं. तरीही टिप्या त्यावर चढेना. मग मुलीने नदीकाठी तो उठून गेल्यावर ओल्या जागेवर कागदी रुमाल दाबला, घरी आणला आणि ट्रेमध्ये खोचला. कुत्र्याचं पत्र कुत्र्यालाच वाचता येतं. संध्याकाळी काम झालं होतं.

घरात कुठे चुकून झालंच तर फिनेल ओतायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. विशेषतः काळं फिनेल पायाला लागतं, कुत्रा पाय चाटतो आणि ते पोटात जातं. शिवाय फिनेलने वास आपल्यापुरता झाकला जातो, त्याच्या नाकाला खालचा वास येतोच आणि तो पुन्हा तिथेच जातो. वास मुळापासून तोडणारे एन्झाइमचे क्लीनर मिळतात, ते फरशीच्या सांध्यांत मुरू द्यायचे.

लिफ्टची गोष्ट सांगायलाच हवी. दार सरकून उघडणारी, पायाखाली थरथरणारी ती पेटी टिप्याला अजिबात मान्य नव्हती. जिने त्याच्या खुब्यांना झेपणारे नव्हते. दुपारी वर्दळ नसताना मी लिफ्टचं दार अडवून ठेवायचो आणि आई आत स्टुलावर बसून त्याला उकडलेल्या बांगड्याचे कण भरवायची. लिफ्ट जागची हलवायची नाही, फक्त आत यायचं, खायचं, बाहेर जायचं. मग दार बंद, पण लिफ्ट थांबलेलीच. मग एक मजला. पद्धत रामबाण होती, वास मात्र चौथ्या मजल्यापर्यंत गेला. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘लिफ्टमध्ये कोणीतरी मासे वाहून नेत आहे’ अशी तक्रार आली. पाठोपाठ कुत्र्यांना लिफ्ट बंद करण्याची सूचनाही आली. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाळीव कुत्र्याला लिफ्ट नाकारता येत नाही, हे मला माहीत होतं. तो कागद मी छापूनही आणला होता. पण ज्यांच्याशी रोज जिन्यात भेट होते त्यांच्या तोंडावर कागद फडकवण्यात अर्थ नसतो. बांगड्याच्या जागी उकडलेलं अंडं आलं, गर्दीच्या वेळी लहान मुलं असतील तर आम्ही पुढची लिफ्ट धरतो, आणि तो कागद खणात आहे.

बाल्कनीला कबुतरांसाठी नायलॉनची जाळी होती. ती कुत्र्याचं वजन पेलत नाही, आणि ग्रिलच्या दोन गजांमधून टिप्याचं डोकं जात होतं. खालच्या अडीच फुटांना वेल्डिंगची लोखंडी जाळी मारून घेतली. पत्रा स्वस्त पडला असता, पण मग त्याला रस्ता दिसला नसता, आणि रस्ता बघणं ही त्याची दिवसभराची नोकरी. कुंड्यांमधला डिफेनबेकिया शेजारी गेला, मनी प्लांट वर टांगला. दोन्हींच्या पानांत सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंड सुजतं. सायकसची शोभेची कुंडी तर सरळ घराबाहेर काढली, त्याने यकृत निकामी होऊ शकतं.

गोचिडांबद्दल आईशी माझा पहिला खरा वाद झाला. गावी ती गोचीड बोटाने ओढून रॉकेलच्या वाटीत टाकायची आणि विषय संपायचा. पण कुत्र्यावरची तपकिरी गोचीड प्रत्येक अवस्थेत अंगावरून उतरते, भिंतीच्या फटीत, स्कर्टिंगमागे, स्विचबोर्डच्या आत जाऊन कात टाकते आणि पुन्हा चढते. मादी एका वेळी हजारांनी अंडी घालते. सगळं आयुष्य तिला घरातच काढता येतं आणि फ्लॅटची कोरडी ऊब तर तिला फारच मानवते. म्हणजे नुसत्या कुत्र्याला औषध लावून उपयोग नाही. स्कर्टिंगच्या फटी व्हाइट सिमेंटने भरल्या, त्याच्या गोधड्या कढत पाण्यात धुवायला लागलो. गोचीड काढायची ती चिमट्याने, कातडीलगत धरून सरळ, चिरडायची नाही. गोचीडताप जीव घेऊ शकतो हे डॉक्टरांनी सांगितल्यावर आईने रॉकेलची वाटी आत ठेवली.

जेवणात फार बदल नाही, फक्त क्रम बदलला. आमच्या वाटपात कांदा-लसूण असतोच आणि कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून त्याचा मासा आधी नुसता उकडून, काटे काढून बाजूला. शिऱ्यातले बेदाणेही त्याला नाहीत, द्राक्ष आणि बेदाण्याने मूत्रपिंडावर परिणाम होतो.

यंदा त्याच्या डोळ्यांत निळसर झाक आली. वयाची आहे, दिसतं त्याला, पण अंधुक. बाल्कनीच्या काचेच्या सरकत्या दारावर तो दोनदा आपटला. हार्डवेअरवाल्याने लाल रेडियमची पट्टी पुढे केली, मी निळी मागितली. लाल आणि हिरवा त्याला धड वेगळे दिसत नाहीत, निळा आणि पिवळा उठून दिसतात. पट्टी माझ्या डोळ्यांसमोर नाही, त्याच्या नाकासमोर लावली. सोफा या दिवाळीत खिडकीखाली हलवायचा बायकोचा बेत होता, तो मागे पडला. ज्याला कमी दिसतं त्याचं घर पाठ झालेलं असतं.

राहिला होता बाल्कनीच्या त्या सरकत्या दाराच्या चौकटीचा उंबरठा. अ‍ॅल्युमिनियमच्या रुळांमुळे तो चांगला चार-पाच इंच वर आलेला आहे आणि टिप्या तिथे पाय उचलताना कण्हतो. दोन्ही बाजूंना उतार करून घ्यायला राजस्थानी सुतार आला. त्याने माप घेतलं, टिप्याकडे पाहिलं, आणि वय विचारून घेतलं. मग मला बाजूला घेऊन समजुतीने म्हणाला, साहेब, एवढ्यासाठी सागवान कशाला, हलक्या प्लायमध्ये होऊन जाईल. आईने आतून ऐकलं. तिचे गुडघे गेली दोन वर्षं कुरकुरतायत आणि बाल्कनीतली तुळस तिची आहे.

‘प्लाय मत लगाना,’ ती बाहेर येऊन म्हणाली. ‘मेरे कू भी उसपे चढने का है.’

सुताराने टेप पुन्हा काढली आणि रुंदी सहा इंचांनी वाढवून लिहिली.