बारा बंदांचा मावळा

वेल्हे, २७ जानेवारी

चि. सायलीस,


शिवजयंतीला अजून तीन आठवडे आहेत, तेव्हा घाबरून भाड्याच्या दुकानात पळू नकोस. तिथे काय मिळतं ते आपण दर वर्षी बघतो: चमचमतं सॅटिन, सोनेरी लेस, पाठीला वेल्क्रो आणि गालाला टोचणारी दाढी. शाळेच्या मैदानावर त्या दिवशी वीस-तीस महाराज जमतात आणि मावळा औषधालाही सापडत नाही. एवढे राजे गड चढणार कुणाच्या भरवशावर?

तुझ्या ओमला मावळाच कर. आपल्या मुलखाचा तो मानच आहे. बाजीप्रभू भोर तालुक्यातल्या शिंदचे, कान्होजी जेधे कारीचे, येसाजी कंक भुतोंड्याचे. राजगड पाव शतक राजधानी होता आणि तोरणा तर तुझ्या आजोळच्या डोक्यावर उभा आहे. बाजीप्रभू, येसाजी ही झाली नावाजलेली माणसं; त्यांच्यामागून चालणारे आपल्यासारखेच भात लावणारे. खऱ्या मावळ्याच्या अंगावर आपण शिवणार त्याहून कमीच कपडा असावा, पण शाळेच्या कार्यक्रमात तेवढ्यावर भागायचं नाही.

तू लिहितेस, मशीनवर आजवर उशीचे अभ्रेच शिवलेत. मग बाराबंदी, म्हणजे मावळ्याचा बंदांचा सदरा, तुझ्यासाठीच आहे. तिला काज नाही, बटण नाही, चेन नाही, कॉलर नाही. माप थोडं चुकलं तरी बंद आवळून किंवा सैल सोडून निभावतं. वाढत्या पोराला पुढच्या वर्षीही होते.

मांजरपाट आण, दोन मीटर पुरे. आधी धुऊन वाळव, नाहीतर पहिल्या धुण्यात सदऱ्याचं बंडीत रूपांतर होईल. पांढराफेक नको वाटला तर चहाच्या कडक पाण्यात उकळ. ओमचा एखादा सैल झब्बा वर्तमानपत्रावर पसरून कडेने आखून घे, शिवणीला बोटभर जागा सोड. पाठ एक, पुढचे भाग दोन. हे पुढचे भाग छातीच्या मध्यावर संपवायचे नाहीत, एकावर एक चढून काखेपर्यंत गेले पाहिजेत. जुन्या चित्रांत हिंदू सरदारांच्या जाम्याचे बंद डाव्या काखेखाली दिसतात, म्हणून उजवा भाग वर ठेव. खाली घेर हवा तर दोन्ही कुशींना तिकोनी कळ्या घाल. बाह्या म्हणजे नुसते चौकोन.

खरी मेख काखेत आहे. तिथे सरळ बाही सरळ अंगाला जोडली की हात वर करताना अख्खा सदरा वर चढतो आणि टीप उसवते. आमच्या आईच्या पिढीतल्या बाया म्हणून चौबगला घालायच्या: चार बोटांचा चौकोनी तुकडा, काखेत तिरका बसवलेला. तो मशीनवर जोडताना कोपऱ्याशी आलीस की सुई कापडात रुतलेलीच ठेव, दाबपट्टी उचल, कापड वळव, पट्टी टाक आणि पुढे चल. टीप कोपऱ्यापलीकडे एक टाकाही गेली की तिथे चुणी पडते. आधी कच्चा दोरा घालून हाताने जोडून बघ. मशीनची घाई नको. नवख्या बाया हा तुकडाच गाळतात, आणि पोरगा तलवार उगारायला गेला की फसतात.

बंद नावाप्रमाणे बारा, म्हणजे सहा गाठी. ओमला आठ पुरेत, नाहीतर तुझी सकाळ गाठी मारण्यातच जायची. पट्ट्या उलटवण्याच्या फंदात पडू नकोस. दोन्ही कडा आत दुमडून इस्त्री फिरव आणि वरून टीप मार. जोडाच्या जागी आतून कापडाचं ठिगळ लाव, पोरं बंद ओढतातच.

खाली चोळणा: जुना पायजमा गुडघ्याखाली काप, नाडा घाल. कंबरेला तुझ्या आईचं सुती लुगडं असेल तर त्याची पट्टी, सॅटिनची ओढणी नव्हे. मिशी काजळाची काढ, पण उशिरा काढ.

साधं कापड रंगमंचावर दिसत नाही असं तुझ्या शेजारणीचं म्हणणं. तिला सांग, कोल्हापूरच्या भानू अथैयांना १९८३ साली ऑस्कर मिळालं ते ‘गांधी’साठी, आणि त्या सिनेमात खादीच खादी आहे. कपडा वापरातला दिसला की माणूस खरा वाटतो. म्हणून शिवून झाल्यावर ओमला तो चार दिवस घरात घालू दे, मातीत लोळू दे, इस्त्री मात्र करू नकोस.

मुंडासं तुझ्या मामाचं पाठवते. ते इथून बांधून पाठवता येत नाही, आणि पुण्यात कुणाला बांधता येईल असं वाटत नाही. मामा आदल्या दिवशी येतो म्हणतो. घोंगडीही तोच आणेल. ओमच्या डोक्याचा घेर दोऱ्याने मोजून तेवढा कळव, आणि मामाच्या जेवणाचं बघ. त्याला वाटाणा चालत नाही.

तुझी,
मावशी