वाडा गेला, कुत्रा उरला

शेफिल्डला भाचीकडे जाऊन चार दिवस झाले होते. रविवारी सकाळी डबे भरता भरता ती म्हणाली, "मावशी, आज क्लंबर पार्कला जाऊ. पण वाडा बघायला मिळणार नाही हं, तो पाडलाय." तरी मी लगेच हो म्हटलं. इतिहास शिकवणाऱ्या बाईला पाडलेल्या वाड्याचं काय एवढं! आमचा निम्मा विषय पडक्या भिंतींवरच चालतो.

वर्कसॉप गाव मागे पडलं की लाइमच्या झाडांची रांग सुरू होते. हे लाइम म्हणजे आपलं लिंबू नव्हे. बदामी आकाराच्या पानांचा हा मोठा वृक्ष. १८४० च्या सुमारास लावलेली १,२९६ झाडं, दोन्ही अंगांना दुहेरी ओळीत, जवळजवळ दोन मैल. नॉटिंगहॅमशायरच्या या भागात एकेकाळी इतक्या ड्यूकांच्या जहागिऱ्या शेजारी शेजारी होत्या की सगळ्या पट्ट्यालाच 'ड्यूकरीज' नाव पडलं. क्लंबर हे न्यूकॅसलच्या ड्यूकांचं. अठराव्या शतकात बांधलेल्या त्यांच्या वाड्याला १८७९ मध्ये आग लागली, १९१२ मध्ये पुन्हा लागली, आणि १९३८ मध्ये तो पाडून टाकला. पुढे १९४६ साली लोकवर्गणीतून नॅशनल ट्रस्टने ही सुमारे ३,८०० एकरांची जागा घेतली. तळं आहे, सुंदर चॅपेल आहे, भाजीपाल्याची भिंतबंद बाग आहे. वाड्याच्या जागी मात्र हिरवळ. ड्यूकची अभ्यासिका तेवढी वाचली आहे.

आणि कुत्री! रविवार असल्याने माणसांइतकीच कुत्री होती. लांब कानांची कॉकर, उंच पायांची स्प्रिंगर, तळ्यात उडी मारून सगळ्यांच्या अंगावर पाणी झटकणारी. सगळी स्पॅनियल घराण्यातली. पण या बागेचंच नाव लावणारी जी जात, तो पांढरा, अंगाने जड, लिंबाच्या सालीसारख्या पिवळ्या ठिपक्यांचा क्लंबर स्पॅनियल, तो काही दिसेना.

स्पॅनियल या शब्दाचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे, अर्थ 'स्पेनचा'. चौदाव्या शतकात कवी चॉसरच्या लेखनात हा कुत्रा येतो. १५७० मध्ये केंब्रिजच्या जॉन कायस या वैद्याने लॅटिनमध्ये इंग्लंडच्या कुत्र्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात जमिनीवरचे आणि पाण्यातले असे स्पॅनियलचे दोन भाग आहेत. बंदुका सर्रास होण्याआधी पक्षी जाळ्यात धरत. कुत्र्याने वास काढायचा आणि पक्षी जाळ्याकडे हुसकायचे. पुढे बंदूक आली आणि झुडपातून पक्षी उडवणं हे मुख्य काम झालं. थोडक्यात, जात वगैरे नंतरची. आधी काम.

क्लंबरची म्हणून एक गोष्ट सांगतात. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत द्यूक द नोआय या सरदाराने आपली आवडती कुत्री वाचवण्यासाठी क्लंबरला पाठवली आणि तीच या जातीचे पूर्वज. कथा मोठी रसाळ आहे, पण पुरावा नाही. उलट फ्रान्सिस व्हीटली या चित्रकाराचं १७८८ सालचं एक चित्र आहे: शिकारीहून परतणारा न्यूकॅसलचा ड्यूक आणि सोबत हेच पांढरे-पिवळे स्पॅनियल. क्रांती झाली १७८९ ला! म्हणजे कुत्री आधीच इथे होती. त्याच चित्रात ड्यूकचा गेमकीपर विल्यम मॅन्सेलही आहे. गेमकीपर म्हणजे आपल्या संस्थानांतला शिकारखान्याचा कारभारी म्हणा. दाट झुडपात न भुंकता, संथपणे पक्षी हुडकणारा कुत्रा पिढ्यान् पिढ्या निवडून घडवण्याचं श्रेय जाणकार त्याला देतात. लोकांच्या तोंडी मात्र फ्रेंच ड्यूकच!

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? 'मुधोळ नायी' म्हटलं की घोरपडे संस्थानिकांनी पंचम जॉर्जला भेट दिलेल्या जोडीची गोष्ट हमखास निघते. तो कुत्रा माळावर ससे धरत ज्यांनी पोसला, त्यांची नावं कुणाला ठाऊक? गंमत म्हणजे हेच पंचम जॉर्ज आपल्या सँड्रिंगहॅमच्या शिकारखान्यात क्लंबर स्पॅनियल पाळत.

१८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि जातींची नोंदवही सुरू झाली. गंमत पाहा, कॉकर आणि स्प्रिंगर पूर्वी एकाच वेतात जन्मत. लहान चणीची निघतील ती वुडकॉक पक्ष्याच्या शिकारीला, म्हणून कॉकर. मोठी निघतील ती स्प्रिंगर. वेगळी जात म्हणून कॉकरची नोंद १८९२ मध्ये झाली, स्प्रिंगरची १९०२ मध्ये. सख्खी भावंडं कागदावर परकी झाली.

प्रदर्शनं आली तसं निवडीचं मापही बदललं. फील्ड स्पॅनियलला हौसेपायी इतकं लांब आणि बुटकं केलं की त्याला शेतात काम जमेना. मग स्प्रिंगरचं रक्त घालून तो सुधारावा लागला. व्हीटलीच्या चित्रातला क्लंबर बघा, चपळ दिसतो. आजचा नर तीस किलोच्या वर जातो. पापण्यांचे आणि मागच्या खुब्याचे विकार त्याच्या पाचवीला पुजलेले. चिमुकल्या कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलची पैदास तर नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तिथल्या प्राणीकल्याण कायद्याच्या विरुद्ध ठरवली. निवडून घडवता येतं तसं निवडून बिघडवताही येतं, हे मॅन्सेलच्या मालकांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

वर्षाला तीनशेपेक्षा कमी पिल्लांची नोंद होणाऱ्या ब्रिटिश जाती केनेल क्लब धोक्याच्या यादीत घालतो. क्लंबर त्या यादीत आहे.

चहा घेताना काउंटरवरच्या बाईंना मी विचारलंच, "इथे क्लंबर स्पॅनियल येतात का हो?"

"क्वचित," त्या म्हणाल्या. "आला की सगळे फोटो काढायला धावतात."

वाड्याच्या हिरवळीवर कुणाचा तरी स्प्रिंगर चेंडूमागे पळत होता. भाचीने दोनदा घड्याळ दाखवलं, तरी मी पाच वाजेपर्यंत बाकावर बसून राहिले. नाही आला.