माइकचं गाळणं



गेल्या चातुर्मासात सोलापूरच्या ताईसाठी मी भक्तामर रेकॉर्ड करून पाठवलं. काचबिंदूने तिची नजर गेली, पोथी सुटली, आणि तोंडपाठ होतं तेही आता मध्येच अडतं. सकाळी भक्तामर झाल्याशिवाय ती काही तोंडात घालत नाही, हा तिचा जुना नियम. म्हणून भाच्याने दिलेला माइक लावून मी ४८ श्लोक म्हटले (श्वेतांबर बहिणींकडे ४४ असतात), पाठवले, आणि मनातून खूश झाले.

आठ दिवसांनी तिच्या सुनेचा फोन. "मावशी, आई ते ऐकतच नाहीत. कानात कुणी बुक्के मारतंय म्हणतात. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या." ताई मोबाइल बाजूला ठेवून स्वतःच अडखळत म्हणायची, आणि अडलं की तशीच बसून राहायची. कधी कधी अकरा वाजेपर्यंत उपाशी.

मी इयरफोन लावून ऐकलं. खरंच, प आला की ढप्प, भ आला की ढप्प. आता भक्तामर हा शब्दच भ ने सुरू होतो! शेवटी मी चोवीस तीर्थंकरांची नावं घेतली होती, तिथे तर कहर. सहावे पद्मप्रभ, सातवे सुपार्श्व, आठवे चंद्रप्रभ, नववे पुष्पदंत. सलग चार नावांत प.

कारण साधं आहे. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरा आणि 'प' म्हणा, पट्टी उडेल. 'न' म्हणा, जागची हलणार नाही. प, फ, ब, भ म्हणताना ओठ मिटून एकदम उघडतात आणि हवेचा झोत सुटतो. तो माइकच्या आतल्या नाजूक पडद्यावर आपटला की ढप्प. आवाजाच्या लहरी जाळीतून सहज पार जातात, झोत मात्र जाळीत फुटून विखुरतो. म्हणून माइक आणि तोंड यांच्यामध्ये जाळी लावतात, तिला पॉप फिल्टर म्हणतात.

माझी स्थानकवासी मैत्रीण हे ऐकून म्हणाली, "म्हणजे तुमच्या माइकला मुहपत्ती!" आम्ही दोघी खूप हसलो.

माइकसोबत स्पंजची टोपी फुकट आली होती. फुकट ते पौष्टिक, म्हणून आधी तीच चढवली. ढप्प कमी झालं, गेलं नाही. शिवाय आमचं नरसिंहपूर नीरा आणि भीमेच्या संगमावर, पावसाळ्यात इथे पापडही सादळतात. त्यात श्वासाची वाफ रोज त्या स्पंजात मुरणार. बुरशी धरली तर चातुर्मासात तो जीव कुठे टाकायचा? टोपी काढून ठेवली.

मग पाणी गाळायच्या कापडाचा कोरा तुकडा भरतकामाच्या रिंगवर ताणला. मला वाटलं, जिंकलं. ढप्प पूर्ण गेलं, पण स आणि श सुद्धा गेले, जणू मी गोधडीतून बोलत होते. पाण्याला दाट वीण लागते, आवाजाला विरळ. पुढे जुनी नायलॉनची ओढणी दुहेरी लावली. ती छान चालली, खोटं का बोलू? पण रिंग झाऱ्याला बांधलेली, वसंततिलका वृत्ताच्या लयीत मी मान हलवली की तीही हलायची.

बी. कॉम. झालेल्या बाईने हिशोब केला. एका श्लोकाचे ४ चरण, चरणात १४ अक्षरं, ४८ श्लोकांची २,६८८. एवढी अक्षरं डुगडुगत्या रिंगपुढे परत परत म्हणण्यापेक्षा चार पैसे गेलेले बरे. भाच्याकडून धातूच्या जाळीची मागवली. ती फाटत नाही, साबणाने धुऊन पुसता येते, मोडेपर्यंत वापरता येते. मान वळणाऱ्या दांड्याची आणि चिमट्याची मात्र घ्या, आणि आपल्या टेबलाची कड आधी मोजा. माझ्या टेबलाला चिमटा बसेना, शेवटी पाटाला लावला.

माइकपासून जाळी चार बोटं, जाळीपासून तोंड अर्धी वीत. माइक तोंडाच्या थेट समोर न ठेवता जरा तिरका ठेवला तर आणखी बरं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. पंखा बंद. वेळ भर दुपारची, म्हणजे देवळाची घंटा मध्ये येत नाही.

नवं रेकॉर्डिंग रविवारी पाठवलं. सोमवारी सकाळी साडेसातला ताईचाच फोन. मी धास्तावले.

"ऐकलंस का गं?"

"ऐकलं. सगळं स्वच्छ. सतराव्या श्लोकाचा तिसरा चरण तू गाळलास."

पोथी काढून बघितली, तर खरंच गाळला होता.

"मग आता?"

"मग आता काय, तो मी म्हटला आणि दूध घेतलं. पण तू परत म्हणून पाठव."

आज दुपारी बसते आहे.