मोकळा तास

अकरावी आणि बारावी या दोन वर्षांस आमच्या भाषेत धड नावच मिळालेले नाही. दहावीपर्यंत शाळा, पुढे पदवीचे महाविद्यालय. मधल्या दोन वर्षांस सरकारदरबारी 'कनिष्ठ महाविद्यालय' म्हणतात खरे, पण हा शब्द सहज बोलण्यात आम्ही कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. मुले 'कॉलेजला जातो' म्हणतात आणि शेजारीपाजारी 'यंदा त्यांच्याकडे बारावी आहे' हे वाक्य घरात कोणी आजारी असल्याच्या सुरात उच्चारतात. इंग्लंडात या दोन वर्षांस 'सिक्स्थ फॉर्म' असे स्वतंत्र नाव आहे. तेथे विद्यार्थी बहुधा तीनच विषय घेतो, आणि त्याच्या वेळापत्रकात काही तास मुद्दाम कोरे ठेवलेले असतात. ग्रंथालयात बसावे, वाचावे, टिपणे काढावी. तिकडची मुलेही त्यांतील काही तास गप्पांत उडवीत असणार, वयच तसे. पण तो तास त्यांच्या नावे मांडलेला असतो, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते.

आमच्या उदगिरात असा तास कोठे सापडतो, हे पाहण्याची संधी यंदा घरबसल्या मिळाली. धाकट्या बंधूंची कन्या अकरावीस विज्ञान शाखेत दाखल झाली आणि आमच्या माडीवरच्या खोलीत राहावयास आली. पहाटे पाचाला तिच्या उशाशी मोबाइल वाजतो. सहाला खासगी क्लास. तेथून कॉलेजात, तेही प्रात्यक्षिके व हजेरी यांपुरते. दुपारी पुन्हा क्लास, आणि संध्याकाळपासून रात्री दहापर्यंत अभ्यासिका. रविवारी परीक्षा. सोमवारी तिचा निकाल, क्रमांकासह, वडिलांच्या मोबाइलवर.

अभ्यासिका ही संस्था आमच्या तरुणपणी नव्हती, म्हणून एकदा मुद्दाम जाऊन पाहिली. दुकानांवरचा मजला, फळ्यांचे आडोसे घातलेली मेजे, प्रत्येकावर क्रमांक, भिंतीवर शांततेची सूचना. शांतता मात्र खरी. पन्नासएक मुले-मुली माना खाली घालून बसलेली, आणि सर्वांपुढे एकाच प्रकारचे प्रश्नसंच. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत १८० प्रश्न आणि १८० मिनिटे असतात. म्हणजे एका प्रश्नास एक मिनिट. त्या मिनिटाची तालीम तेथे चालली होती. एकट्याने बसणे आणि स्वतंत्र अभ्यास करणे या दोन गोष्टी किती निराळ्या आहेत, हे आम्हांस त्या जिन्यावरून उतरताना कळले.

या तालमीची निंदा करणे सोपे आहे; ते आमच्याने होणार नाही. 'लातूर पॅटर्न' म्हणून जो पुढे महाराष्ट्रभर गाजला त्याचे मर्म हेच, की सुटीतही वर्ग घ्यावे, प्रश्नपत्रिका पुनःपुन्हा सोडवाव्या, चुका दाखवाव्या आणि पुन्हा सोडवावयास बसवावे. कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले डॉक्टर आणि इंजिनिअर झाली ती या घोटण्याच्या बळावर. १९६२ साली उदगिरात महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालय निघाले, त्यापूर्वी पुढे शिकावयाचे म्हणजे गाव सोडणे आलेच. ज्याने ती स्थिती पाहिली आहे, त्याला आजच्या गर्दीला नाक मुरडण्याचा अधिकार नाही.

तरी एक आठवण पिच्छा सोडीत नाही. आमचे वडील १९४० नंतरच्या वर्षांत शिकले. निजामाचे राज्य, १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवी आणि त्याच्या वाटेवरच्या सरकारी शाळाही उर्दूच्याच. वडिलांचा गणिताचा पाढा मराठी, पण भूमितीचा सिद्धांत उर्दू! १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य बदलले, पुढे कचेरीची भाषाही बदलली, आणि सुरेख उर्दू लिहिणाऱ्या या गृहस्थांस मराठीत साधा अर्ज लिहिताना घाम फुटू लागला. ते रोज रात्री कंदिलाशी बसून मराठी पुस्तके वाचीत व अडलेला शब्द एका वहीत उतरवीत. परीक्षा नव्हती, क्रमांक नव्हता. ती वही आमच्याकडे आहे. तिच्यात एका शब्दापुढे तीन वेळा अर्थ लिहून तीनही वेळा खोडलेला आहे.

पुतणीने तशीच एक वही चालविली आहे, हे आम्हांस श्रावणात समजले. आमच्याकडे बोअरचे पाणी. तापविण्याच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो. सौभाग्यवती तो वर्षानुवर्षे खरवडीत आल्या आहेत. मुलीने मात्र विचारले, "काका, गार पाण्यात हा थर का धरत नाही?" आम्ही इतिहासाचे शिक्षक; आम्हांस काय ठाऊक! मग दोन संध्याकाळ अभ्यासिका बुडवून ती त्या भांड्यामागे लागली. थरावर लिंबू पिळले, बुडबुडे आले. रसायनशास्त्राचे पुस्तक उघडून तिने आपले आपणच जुळविले, की पाण्यात विरघळलेला चुना तापताच न विरघळणारा होतो व तळाशी बसतो. आणि आंबट लागताच त्यातून वायू सुटतो. वहीत तिने हे समीकरणासह मांडले. खाली लिहिले, "मग पावसाळ्यात थर कमी का?"

त्या रविवारी तिचा क्रमांक घसरला. सोमवारी बंधूंस क्लासमधून फोन गेला आणि मंगळवारी ते पहिल्या एसटीने दारात हजर. ती एसटी एरवी तिचा डबा आणते. देवणीकडच्या आमच्या खेड्यात वहिनी पहाटे भाकरी थापतात, डबा फडक्यात बांधून वाहकाच्या हाती देतात, आणि आम्ही बसस्थानकावर तो उतरवून घेतो. बसस्थानकावर सकाळी असे कितीतरी डबे उतरतात. त्यांवर चिकटविलेली नावे वाचली तरी तालुक्यातील निम्मी गावे पाठ व्हावी!

बंधू चहा न घेताच म्हणाले, "दादा, तिला लातूरला ठेवावं म्हणतो. वसतिगृहात. तिथं असले उद्योग चालत नाहीत." आम्ही काही बोलणार तोच त्यांनी पुढे सांगितले, की यंदाच्या फीसाठी सोयाबीन भाव नसताना विकले आहे, आणि सरकारी जागा हुकली तर खासगी महाविद्यालयाची फी आपल्याने सात जन्मांत होणार नाही. यावर काय उत्तर द्यावे? मोकळ्या तासाचे माहात्म्य आमच्यासारख्या निवृत्तिवेतनवाल्याने सांगणे सोपे; त्या तासाची किंमत त्यांना एकरांत मोजावी लागते. मुलगीही उलट बोलली नाही. डॉक्टर व्हावे अशी तिचीच इच्छा आहे. ती कोणी लादलेली नाही. एवढेच म्हणाली, "आबा, आठवड्यातून दोन तास माझे राहू द्या. बाकीचे तुम्ही म्हणाल तसे."

इकडे आमचा किल्ला घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामास नमविले ती उदगीरची लढाई ती पाठ्यपुस्तकात शिकली आहे. किल्ल्यातले फारसी लेख मात्र यंदा उदगिरात येऊनही तिने पाहिलेले नाहीत.

बंधूंनी वही मागितली. दहावीपर्यंत शिकलेले गृहस्थ. समीकरणे त्यांस उमगली नसावीत, पण पाने त्यांनी सावकाश उलटली. "हे कोणत्या पेपरात येतं?"

"असं येत नाही."

ते आणखी थोडा वेळ त्याच पानावर थांबले. मग वही न मिटता म्हणाले, "आपल्या विहिरीच्या पाण्याला एवढा थर धरत नाही. तुझ्या आईचं पातेलं बघ. ते का?"

मुलीने आमच्याकडे पाहिले. "विहीर उथळ आहे म्हणून असेल. पाणी आणून बघावं लागेल."

चहा तोवर निवला होता. तो त्यांनी तसाच घेतला आणि दुपारच्या एसटीने परत गेले. लातूरचा विषय दिवाळीपर्यंत पुढे गेला आहे, मिटलेला नाही. गुरुवारी डब्याच्या फडक्यात एक बाटली बांधून आली, तोंडाला प्लास्टिकचा कागद आणि सुतळी. वहिनींची चिठ्ठी होती, पाणी पिऊ नये, तपासायचे आहे. बाटली माडीच्या जिन्यात ठेवली आहे. रविवारी परीक्षा असल्याने पाणी सोमवारी उकळावयाचे ठरले आहे.